वारं नव्हतं, गाठ होती

प्रिय ताई,

आज महाडला बायकांच्या डॉक्टरांकडे गेले होते. अंगातून वाफा निघतात, झोप नाही, तुझंच सगळं आता माझ्याकडे आलंय. त्यांनी हार्मोनच्या गोळ्यांचं नाव काढलं आणि विचारलं, घरात कुणाला रक्ताची गाठ झाली होती का? घरी आले, कुणाशी बोलू? म्हणून तुला लिहितेय.

हेच तुलाही विचारलं होतं ना गं? हिरकणीवाडीत तुझ्या खानावळीत भाकऱ्या थापता थापता तू हसत सांगितलंस. चुलीपुढे घामाने नुसती निथळत होतीस.

"डॉक्टर म्हनतात, कधी गाठ झाली होती का? मी छाती चाचपली नि सांगितलं, नाय."

गाठ म्हणजे छातीतली, एवढंच आपल्याला ठाऊक. तुझी लेक रेश्मा झाली, त्या बाळंतपणात तुझा डावा पाय मांडीपर्यंत सुजला, पोटावर इंजेक्शनं घेतलीस, कितीतरी महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या खाल्ल्यास. ती गाठच होती, ताई! पण घरात सगळे म्हणाले, बाळंतिणीला वारं लागलं. आणि वाऱ्याचं डॉक्टरला कोण सांगतं?

एकदा अशी गाठ झालेल्या बाईला हार्मोनच्या गोळ्या धोक्याच्या, आणि तुला त्याच दिल्या. तू मात्र खूश होतीस, झोप लागते म्हणालीस. मग पोटरी दुखायला लागली, तर तेल चोळून घेतलंस आणि गिऱ्हाइकं होती म्हणून उभीच राहिलीस. एक दिवस चूल बंद ठेवली असतीस तर काय बिघडलं असतं गं? त्याच आठवड्यात ताटं वाढताना तुझा श्वास कोंडला. महाडला न्यायला निघालेली गाडी पाचाडच्या पुढे जाईपर्यंत तू गेली होतीस.

राग येतो, ताई. तुझ्यावरही येतो. तुझ्या सासूबाई अजून सांगतात, वारं छातीत गेलं. छातीत गेली ती पायातली गाठ.

आज मी डॉक्टरांना सांगितलं, माझ्या सख्ख्या बहिणीला झाली होती, त्यातच गेली. त्यांचा लिहिता हात थांबला. आधी तपासण्या करू, गोळ्यांचं नंतर बघू म्हणाले. तू गेलीस म्हणून मी वाचतेय, हे मला सोसत नाही.

रेश्माला सातवा लागलाय. आई नाही, म्हणून बाळंतपणाला ती मावशीकडे, पोलादपूरला येणार. तिच्या डॉक्टरांना तुझं सगळं मी स्वतः सांगेन. आणि तिचा पाय नुसता जड झाला, तरी कुणी वारं म्हणायच्या आत मी तिला गाडीत बसवलेलं असेल.

तुझीच,
सुनंदा