लाखोळीची भाकर

माय, नातसुनेनं काल ब्रह्मपुरीच्या बाजारातून लाखोळीची दाळ आणली. मधे कित्येक वर्षं ती उघड विकायला बंदी होती, आता पुन्हा पोती मांडून बसतात. वडे करायचे म्हणाली. मी दाळ तिच्या हातातून घेतली, उकळत्या पाण्यात टाकून झाकली आणि वरचं पाणी उकिरड्यावर नेऊन ओतलं. पुन्हा उकळतं पाणी घातलं, तेही ओतलं. ती बघतच राहिली. म्हणाली, "आजी, वाटीभर पेज फेकली त तुमी घर डोक्यावर घेता, आन् आज पाणीच पाणी फेकून राह्यल्या." मी म्हटलं, "हे पाणी बैलालेही पाजत नाईत. तू तेल तापव." पुढचं तिला सांगितलं नाही. तुलाच सांगावं म्हणून कागद घेऊन बसले. दुसरीपर्यंतचंच लिहिणं आहे, वाकडंतिकडं चालवून घे.

फेकणं मला तूच कधी शिकवलं नाहीस. काडेपेटीतली काडी वाचावी म्हणून तू चुलीतला निखारा राखेत पुरून ठेवायचीस आणि सकाळी फुंकून जागा करायचीस. तांदूळ धुतलेलं पाणी गाईला, पेज मीठ घालून आम्हाला, कण्या वेगळ्या काढून त्यांची आंबील. अंबाडीचा पाला उन्हात वाळवून मडक्यात दाबलेला असायचा, पावसाळ्यात भाजी नसली की तोच. मोहाची फुलं भाजून जवसाबरोबर कुटून लाडू करायचीस. आता कोणी विचारलं की मी या युक्त्या मोठ्या तोऱ्यात सांगते आणि बायका मान हलवतात. त्या काळी त्याला युक्त्या कोण म्हणत होतं? त्यालाच आपण स्वयंपाक म्हणत होतो.

त्या साली पाऊस ऐन दाणा भरायच्या वेळेला दडी मारून बसला आणि धानाचा नुसता पोचा झाला. बाबा पाटलाकडे सालदार होते. दरवर्षी धान मिळायचं, त्या साली लाखोळी मिळाली. तिला पाऊस लागतच नाही. धान उभं असतानाच बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, तिचं बी फेकायचं, जमिनीतल्या ओलीवर ती येते. घरात तांदूळ थोडा. बाबांना नांगर धरायचा, म्हणून भात त्यांना. उरला तो मला आणि धाकट्या भावाला, त्याच्यावर दोनदा पाणी फेकलेली लाखोळीची दाळ. तुझ्यासाठी मात्र तू कोरडी लाखोळी जात्यावर दळायचीस आणि भाकर थापायचीस. भिजलेल्या दाळीचं पीठ होत नाही, आणि पाणी फेकलं की ती पोटात थांबत नाही, असं तुझं म्हणणं.

त्या भाकरीचा वास अजून माझ्या नाकात आहे. पिवळी, जाड, कडेला करपलेली. तू ती अंबाडीच्या आंबट कालवणात बुडवून खायचीस, चुलीकडे तोंड करून. एकदा मी हात घातला तर उलथणं बोटांवर बसलं.

"मले देनं थोडीशी."

"तुले भात हाय ना, तो खाय."

"तू काऊन खाऊन राह्यली मंग?"

"मले पचते. हात मांगं घे."

शेजारच्या काकीनंही तुला सांगितलं होतं, मी तिथंच गोवऱ्या रचत होते. "नको खाऊ वं बाई. माया दिराचे पाय पाह्य कसे गेले." तू हसलीस. म्हणालीस, "तुया दिरानं कोरडी खाल्ली. मी आंबटासंगं खातो. आंबटानं तिचा जोर मोडते." काकी म्हणाली, "हे कोन सांगतलं तुले?" तू म्हणालीस, "कोनं सांगाले पायजे? मले डोकं नाई काय?"

मग आषाढ आला. अख्ख्या गावात धानाच्या रोवण्याला तुझ्यासारखा हात कोणाचा नव्हता. बाकीच्या अर्ध्या बांधीत असायच्या तेव्हा तू मागं सरत सरत धुऱ्याला, पलीकडच्या बांधाला टेकलेली. त्या दिवशी तू बांधीच्या मधेच बसकण मारलीस. बायकांना वाटलं पाय घसरला. एकीनं म्हटलंही, "काऊन वं, सकाळीच मोहाची घेतली काय?" सगळ्या हसल्या, तूही हसलीस आणि उठायला गेलीस. पिंढऱ्या लाकडासारख्या झाल्या होत्या. गुडघे एकमेकांवर आदळत होते, टाचा टेकत नव्हत्या. दोघींनी धरून घरी आणली. लसणाचं तेल चोळलं, देवाला कोंबडं कबूल केलं. दिवाळीपर्यंत काठी आली, आणि पुढच्या उन्हाळ्यात तीही कोपऱ्यात राहिली. तू दोन हातांवर अंग ओढत अंगणात यायचीस. माझी शाळा तेव्हाच सुटली. तू उंबऱ्याशी बसून सांगायचीस, मी चुलीपुढे बसून करायची. "पेज फेकू नोको. निखारा बुजव. मीठ मांगून घाल." जीभ तेवढी शाबूत होती तुझी. तीच माझ्याकडे आली, असं घरातले म्हणतात. पुढं माझं लग्न नदीपलीकडे झालं. डोंग्यातून उतरलं की अर्ध्या कोसावर घर, पण तू ते पाहिलं नाहीस. माझं पहिलं बाळ गेलं तेव्हा बाबा एकटेच आले, आणि धुऱ्याधुऱ्यानं चालत एकटेच परत गेले.

तुझ्या माघारी लोक म्हणतात, माउलीनं लेकरांसाठी पाय दिले. मला ते पटायचं नाही. मी म्हणायची, कसले दिले, आंबटाची अक्कल नडली तिला. इतकी वर्षं हेच धरून बसले होते, कारण मूर्खपणावर रागावता येतं. काल दुसरं पाणी ओतताना मनात आलं, आंबटावर तुझा इतका भरवसा होता, तर अंबाडीत बुडवून एक घास मला का दिला नाहीस? आंबट तर मडकंभर होतं. धाकटा रडून रडून झोपायचा, त्यालाही नाही दिलास.

म्हणजे तुला माहीत होतं. काकीला सांगितलंस ती थाप होती. माय, एकदा विचारायचं तरी होतंस आम्हाला. आम्ही कमी भात खाल्ला असता. नसताही खाल्ला कदाचित, भूक वाईट असते. पण विचारायचं होतंस.

तुझ्या गावाला टपाल जात नाही एवढं मला दुसरीवरही कळतं, त्यामुळे हा कागद कुठंच जाणार नाही. एकच सांगून संपवते, घरात कोणाला सांगितलेलं नाही. बाजाराच्या दिवशी मी ओट्यावर बसलेली असते. माझ्याहून थोडी लहान एखादी बाई आपल्या म्हाताऱ्या मायच्या पाठोपाठ जाते, म्हातारी झपाझप पुढं चाललेली असते आणि लेक मागून ओरडते, "माय, हळू चाल वं." तेव्हा मी त्या दोघींना तोंडातल्या तोंडात शिवी देते.