पिठासमोर भांडू नये

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार. तुझी कंबर आता काय म्हणते? भाऊजींचा खोकला गेला, की अजून त्याच्या जोरावर सकाळचं फिरणं चुकवतात? इकडे सगळे बरे आहेत. बेकरीही बरी चालली आहे, फक्त आता तिथे भांडणं होतात. त्याचीच हकीकत कळवते.

मी संध्याकाळच्या शाळेत जाते हे तुझ्या कानावर आलंच असेल. (या वयात बाकावर बसायला लाज वाटत नाही, बाकातून उठायला मात्र त्रास होतो.) विज्ञानाच्या बाई माझ्या लेकीहून लहान आहेत आणि त्यांना एकच खोड आहे. काहीही सांगा, त्या विचारतात, "हे तुम्हाला कसं कळलं?" परवा धडा यीस्टचा निघाला. माझा जन्म बेकरीत गेलेला, मी कशाला गप्प बसते? हात वर करून सांगितलं की पिठासमोर कुणी भांडलं तर पीठ रुसतं, फुगत नाही. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. कसं कळलं? म्हटलं, बाबा सांगायचे. त्यांना कसं कळलं? आजोबांकडून. मग बाईंनी अगदी सहज विचारलं, "पण कुणी भांडून पाहिलं होतं का?"

ताई, घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेवढंच. आपल्याकडे कुणी भांडून पाहिलंच नव्हतं. घर बेकरीच्या मागे आणि पीठ सदा कुठेतरी फुगत ठेवलेलं. आई चिडली की ओठ मिटून भांडी घासायची. (काय लखलखीत असायची आपली भांडी.)

मग मी प्रयोगच केला. एका पिठाचे दोन गोळे घेतले. एक परात मागच्या खोलीत शांततेत ठेवली, दुसरी भट्टीशेजारच्या टेबलावर. तिच्यासमोर ह्यांना उभं केलं आणि म्हटलं, भांडा. हे म्हणाले, "कशावरून?" माणूस इतका गरीब की सुरुवातच सापडेना. बऱ्याच वेळाने म्हणाले, चहात साखर कमी असते. मी म्हटलं, साखरेचं राहू द्या, तुमच्या बहिणीच्या लग्नात मला स्वयंपाकघरातून बाहेर तरी येऊ दिलंत का? त्यावर हे एकदम म्हणाले, "आणि माझं सुतारकाम सोडवून तुझ्या वडिलांच्या भट्टीपुढे उभं केलंस, त्याचं काय?"

मी गारच पडले. मला वाटायचं ह्यांना पाव आवडतात. विचारलं, "इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"समोर पीठ होतं ना," हे म्हणाले.

तोवर ते पीठ परातीबाहेर आलं होतं. मागच्या खोलीतलं मात्र होतं तिथेच. मी आनंदाने बाईंना सांगायला गेले, तर त्यांनी विचारलं, भट्टीच्या जवळ कुठली परात होती? (शिक्षणाने माणसाच्या आनंदाचे असे हाल होतात.) पुन्हा केलं. जागा तीच, ऊब तीच, एक दिवस भांडण, एक दिवस शांतता. पीठ दोन्ही वेळा सारखंच फुगलं. आपल्या संसाराशी पिठाला काहीही देणंघेणं नाही, ताई.

आधी बाबांचा राग आला. आता नुसतं कुतूहल वाटतं. त्यांचा यावर खरंच विश्वास होता, का मग चढलेला आवाज त्यांना सोसायचा नाही आणि तसं सांगायची लाज वाटायची? तुला काय वाटतं? हे हल्ली दुपारी अंगणात रंधा मारतात. दुकानात सगळीकडे भुसा असतो आणि मी त्यावरून मोकळेपणी भांडते.

तुझी,
धाकटी

ता. क. आजच्या भांडणात पाव करपले. पण ते माझं भट्टीकडे लक्ष नव्हतं म्हणून. बाबा असते तर मला हे पटवून देता आलं नसतं.

आणखी एक, आणि पत्र खरं तर यासाठीच. बाई म्हणतात, एकाच जोडीवर प्रयोग करून भागत नाही. बाबांनी तुला शाळेतून काढलं त्या सकाळी तू काहीच बोलली नव्हतीस. तू पीठ मळत होतीस. वर्गात माझ्या शेजारची जागा रिकामी आहे आणि नवीन नावं अजून घेतात. तू ये. आलीस की आधी भांडून घे, बाबांच्या जागी मी उभी राहीन. पीठ मळून ठेवते.