शाळेच्या भिंतीवरचा स्टार्टर

पुणे, रविवार

हर्षालीच्या आबांना प्रयागचा नमस्कार.

लेकाकडे मी बरी आहे, गुडघाही गप्प आहे. गाय व्याली का? फोनवर तुम्ही नुसतं "हां हां" करता, म्हणून लिहिते.

आपल्या नातीच्या, हर्षालीच्या वर्गाने शाळेत आपापल्या जिवाभावाच्या यंत्राचं कोलाज केलं. कुणी मोबाईल चिकटवला, कुणी लॅपटॉप. आपल्या पोरीने बियाण्यांच्या पाकिटांचे नि कांद्याच्या गोणीचे तुकडे लावून आपल्या विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर केला, फोनवरून चालू होणारा. खाली लिहिलं, "राजुरीत बिबट्या येतो. या डब्यामुळे माझे आबा अंधारात विहिरीवर जात नाहीत."

बाईंनी ते भिंतीवर मधोमध लावलं, नि बघायला आम्हा घरच्यांना शाळेत बोलावलं. मला तर लई अभिमान वाटला, पण मान वर होईना. रात्रीची शेतीची लाईट आली की तुम्ही "हातानं बटण दाबल्याबिगर पाणी चढलं असं वाटत न्हाई" म्हणत बॅटरी घेऊन निघता, हे तिला कुठं ठाऊक?

"आजी, आबा घरातूनच मोटार लावतात ना?" तिने सगळ्यांसमोर विचारलं.

मी हो म्हटलं. पोरीशी आजवर खोटं बोलले नव्हते. आता ते खरं करणं तुमच्याकडे.

तुमचीच,
प्रयाग