कपाटातली चौदा नंबरची जर्सी

४ एप्रिल, गुरुवार
यंदाचं वर्ष तरुणांचं! कमिटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून जाहीर केलं. टाळ्या पडल्या. ग्लेनिसने वाजवल्या नाहीत, पण ती क्लबची अध्यक्ष आहे आणि तिच्या हातात चहाचा कप होता.

गेल्या वर्षी आमच्या याराबिन क्लबची सीनिअर टीम ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा एकही सामना जिंकली नाही. कारण उघड आहे. कोच म्हणून माझं ते पहिलं वर्ष, आणि टीम मला समजून घेण्यात कमी पडली. यंदा माझ्याकडे विकास आराखडा आहे. पोरांनी आधी बघायचं, मग पाणी द्यायचं, मग खेळायचं. टायरच्या धंद्यात आयुष्य गेलं माझं. नवाकोरा टायर पहिल्याच दिवशी खडीच्या रस्त्यावर पळवत नाहीत.

आमचे चिरंजीव डार्सी सतरा वर्षांचे झाले. अंडर एटीनमध्ये खेळतात. चौदा नंबरची जर्सी इस्त्री करून कपाटात ठेवली आहे. ती आधी माझ्या वडिलांची, मग माझी. पोरगा पहिल्यांदा सीनिअर्समध्ये उतरतो त्या दिवशी घरच्यांनी ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांसमोर त्याच्या हातात जर्सी द्यायची आणि दोन शब्द बोलायचे, ही आमच्याकडची रीत. माझे दोन शब्द लिहायला घेतलेत. सध्या दीड पान झालंय.

पहिल्या सामन्याची टीम निवडली. तरुण: शून्य. पहिलाच सामना आहे, उगाच घाई नको.

१३ एप्रिल, शनिवार
हरलो. एक्क्याण्णव पॉइंटनी. वारा.

गोलच्या तोंडाशी स्टम्पीला उभा केला होता. स्टम्पी माझा मेहुणा, वय एकोणचाळीस, अनुभव दांडगा. त्याच्या हातून चार बॉल निसटले, पण निसटतानाही त्याची जागा अचूक होती. हे शिकवून येत नाही.

सकाळी अंडर एटीनच्या सामन्यात डार्सीने नऊ गोल केले. समोरची पोरं अगदीच कच्ची होती.

१८ एप्रिल, गुरुवार
सिलेक्शन. आम्ही तिघं: मी, ग्लेनिस आणि व्हर्न हॉस्किन्स. व्हर्न आमचा जुना कॅप्टन. माझ्या प्रत्येक म्हणण्याला फाटे फोडणे हे त्याचं क्लबमधलं काम.

व्हर्न म्हणाला, अरे नेव्ह, स्टम्पीचे गुडघे क्लबच्या इमारतीपेक्षा जुने आहेत, डार्सीला घे. मी म्हटलं, पी हळद आणि हो गोरी, असं नसतं बाबा. ग्लेनिस म्हणाली, निदान त्याला बाकावर तरी बसव. मी म्हटलं, माझाच मुलगा माझ्याच टीममध्ये? लोक काय म्हणतील? व्हर्न म्हणाला, लोक म्हणतील, चला, अखेर एकदा गोल झाला. या माणसाला गंभीरपणे बोलताच येत नाही.

सरावानंतर हॉलमध्ये सगळ्यांचं जेवण झालं, आणि रिवाजाप्रमाणे मी टीम वाचून दाखवली. खणखणीत आवाजात. डार्सी कोपऱ्यात टेबलापाशी, सॉसची बाटली हातात घेऊन उभा. शेवटचं नाव वाचून झालं, लोक पांगले, तरी हा तिथेच. पोराला सॉस फार आवडतो.

४ मे, शनिवार
डार्सी दुसऱ्या टप्प्यात! आज त्याने सीनिअर्सना पाणी दिलं. बापाचा ऊर भरून आला. सर्वांत जास्त पाणी स्टम्पीला लागलं, कारण तो बराच वेळ आडवा होता.

हरलो. आकडा लिहीत नाही.

घरी जेवताना सांगितलं की पाणी वाहून नेताना मैदान वाचता येतं, मीही असाच शिकलो. डार्सी म्हणाला, डॅड, तू तर सोळाव्या वर्षी खेळलास ना? ते दिवस वेगळे होते, असं मी म्हटलं. बायकोने, म्हणजे लिओनीने, माझ्या ताटात वाटाणे वाढले. मी पुरे म्हटलं तरी वाढत राहिली. आजकाल हिला ऐकू कमी येतं बहुतेक.

१६ मे, गुरुवार
आमची दोन पोरं डनमोर क्रीकच्या क्लबात गेली. डनमोर क्रीक! ज्यांच्याशी माझे वडील लग्नकार्यातसुद्धा बोलत नसत.

ग्लेनिस म्हणाली, नेव्ह, अंडर एटीनची टीम उभी राहिली नाही तर लीग आपल्याला पुढच्या वर्षी ठेवणार नाही, मग क्लब त्यांच्यातच विलीन करा म्हणतील. मी म्हटलं, निष्ठा नसलेली पोरं गेलेलीच बरी. व्हर्न म्हणाला, या हिशेबाने ऑगस्टपर्यंत क्लबात निष्ठा आणि तू असे दोघंच उराल.

संकल्प: तरुणांशी बोलायचं. त्यांचं ऐकायचं. येत्या सोमवारी संध्याकाळी हॉलमध्ये तरुणांची सभा.

२० मे, सोमवार
सभा झाली. मी बोललो. उत्तम झाली. दोघे आले होते, त्यातला एक डार्सी. दुसरा हॉलची चावी परत द्यायला आला होता.

३० मे, गुरुवार
डनमोर क्रीकच्या कोचने डार्सीला फोन केला! तिकडे ये म्हणाला. मी आधी हसलो. मग अंगाची लाही झाली. मग दुकानात एका ट्रॅक्टरचं चाक काढताना अशी कल्पना सुचली की मी स्वतःच चकित झालो.

जाऊ दे त्याला! जाऊ दे, चार आठवडे त्यांच्या बाकावर बसू दे. तिकडे त्याला कोण विचारतंय? कान पकडून परत येईल, आणि येईल तो भुकेला होऊन. तिसरा टप्पा आपोआप पूर्ण. तीस जूनपर्यंत क्लब बदलता येतो, म्हणजे परतीचं दारही उघडं.

क्लबची परवानगी लागते. ग्लेनिसने पुन्हापुन्हा विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. डार्सी दारात उभा होता. म्हणाला, डॅड, तू मला खरंच जा म्हणतोयस? मी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, जा बिनधास्त. तो आणखी काहीतरी बोलणार होता. बहुतेक थँक्यू.

१५ जून, शनिवार
अंडर एटीनची टीम उभी राहिली नाही. सामना सोडून द्यावा लागला. सकाळभर मैदान रिकामं. कुणीतरी आणलेला कुत्रा गोलच्या खांबांमधून धावत होता. त्याची चाल बरी वाटली, हे मी व्हर्नला बोललो आणि पस्तावलो. तो लगेच म्हणाला, याला आधी पाणी वाहायला लाव.

दुपारी सीनिअर्स हरले. सगळ्यांना धीर दिला. मला कुणी दिला नाही.

२९ जून, शनिवार
उद्या मुदत संपते. डार्सी अजून परत यायचं म्हणत नाही. सकाळी सहज विचारलं, काय रे, कसं चाललंय तिकडे? तो म्हणाला, मस्त, डॅड. मानी आहे पोरगा, माझ्यावर गेलाय.

दोन शब्द आता चार पानं झालेत. जर्सीला पुन्हा इस्त्री केली. लिओनी दारात उभी राहून म्हणाली, नेव्ह, एकदा त्याला सरळ सांग ना, परत ये, मला तू हवा आहेस. मी म्हटलं, कोच असं बोलत नसतो. ती म्हणाली, मी कोचला सांगत नाहीये.

उद्या सांगेन.

३० जून, रविवार
दिवसभर तो घरी नव्हता. मित्राकडे होता. फोन करता आला असता. केला नाही. फोनवर अशा गोष्टी नीट होत नाहीत.

४ जुलै, गुरुवार
शनिवारी आमच्या मैदानावर डनमोर क्रीक. त्यांच्या सीनिअर टीममध्ये डार्सीचं नाव आहे. बाक नाही. गोलच्या तोंडाशी.

त्यांच्या कोचचा लिओनीला फोन आला. म्हणाला, पोराचा पहिला सामना आहे, जर्सी घरच्यांनी द्यावी, नेव्ह अर्थातच गडबडीत असेल, पण आला तर आनंदच आहे. किती गोड बोलतात ही माणसं! मी शत्रूच्या ड्रेसिंग रूममध्ये पाऊल टाकणार नाही. हे लिओनीला सांगितलं. ती बरं म्हणाली. इतक्या पटकन म्हणायला नको होतं.

त्याला नंबर दिलाय एकेचाळीस. एकेचाळीस हा काय नंबर आहे?

६ जुलै, शनिवार, सकाळ
स्टम्पीचा फोन. गुडघा. मग बेकरीवाल्याचा. ताप. मग कॅप्टनचा, त्याच्या गाई कुंपण तोडून हायवेवर गेल्यात. अठरा लागतात, सतरा आहेत!

मी पाद्रीबाबांना फोन केला. दुधाच्या टँकरवाल्याला केला. गेल्या वर्षी ज्याला लठ्ठ म्हणून काढला त्याला केला. तो बराच वेळ बोलला, मी ऐकून घेतलं. कॅरव्हॅन पार्कमध्ये उतरलेल्या एका जर्मन माणसाला गाठलं. त्याने नियम विचारले. मी सांगत गेलो तसा तो मागे सरकत गेला.

व्हर्न म्हणाला, मी कंबरेला पट्टा बांधून बसलोय, आता तूच राहिलास. मी एक्कावन्न वर्षांचा आहे. ग्लेनिस म्हणाली, जादा जर्सी एकही नाही, घरी काही आहे का?

घरी आहे.

६ जुलै, संध्याकाळ
हात वर होत नाहीत. जमेल तसं लिहितो.

चौदा नंबर पोटावर बसेना. दोघांनी ओढून बसवली. आमची आणि पाहुण्यांची ड्रेसिंग रूम यांच्यामध्ये नुसता पत्रा आहे. मी टीमला समजावत होतो, तेवढ्यात पलीकडे सगळं शांत झालं आणि लिओनीचा आवाज आला. मी बोलायचा थांबलो. आमची टीमही ऐकायला लागली. ती म्हणाली, डार्सी, तू सहा वर्षांचा असल्यापासून या दिवसाची वाट बघतोयस, आणि तुझा बापही, घाल बाळा. झालं. एवढंच. मग टाळ्या आणि पाय आपटण्याचा गडगडाट. माझी चार पानं मोज्यात होती.

मी मागे उभा राहिलो, आमच्या गोलपाशी. म्हणजे डार्सीच्या शेजारीच. त्याने हात मिळवला. म्हणाला, डॅड, अंग मोकळं केलंस ना? मी म्हटलं, तू तुझं बघ.

थोड्या वेळात एक उंच बॉल आला. मी खाली पाय रोवून उभा राहिलो, अनुभव पणाला लावला. डार्सी माझ्या खांद्यावर गुडघा टेकवून वर गेला. वर म्हणजे किती वर! मी जमिनीवरून बघितलं. बॉल त्याच्या हातात चिकटला, आणि असा झेल घेतला की मोकळी किक मिळते. तो उठला, चार पावलं मागे गेला, आणि बॉल खांबांच्या मधोमध.

पोराचा पहिला गोल झाला की सगळी टीम धावत येऊन त्याला मिठी मारते. आमच्याकडे कुणी कितीही लांब असो, धावतोच. मी सर्वांत जवळ होतो. मी धावलो. त्याला उचलला, निदान प्रयत्न केला, ओरडलो, त्याच्या डोक्याचा मुका घेतला. मग त्यांची पोरं येऊन आमच्यावर आदळली, आणि त्या ढिगाऱ्यात तो माझ्या कानात म्हणाला, डॅड, तू दुसऱ्या टीममध्ये आहेस.

मग कडेला लावलेल्या गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले, दोन्ही बाजूंचे. व्हर्नने बाकावर डोकं धरलं होतं. असा आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता, आणि असं वाईटही कधी वाटलं नव्हतं.

त्याने सात केले. सातही माझ्यावर.

७ जुलै, रविवार
ग्लेनिस सूप घेऊन आली. आजाऱ्याकडे येतात तशी. कमिटीला वाटतं की आता व्हर्नने कोच व्हावं. मी म्हटलं, तरुणांना वाव द्यावा हे मी एप्रिलपासून सांगतोय. व्हर्न एकोणपन्नास वर्षांचा आहे. सूप चांगलं होतं.

डार्सीने दोन्ही जर्सी धुऊन मागे वाळत घातल्या. चौदाची शिवण उसवली आहे. मी खिडकीतून म्हटलं, पुढच्या वर्षी तू परत आलास की शिवून देतो. तो चिमटा लावत म्हणाला, बघू, डॅड. बघू, कुठली टीम असेल तेव्हा.

११ जुलै, गुरुवार
खांदा बरा आहे. सरावाला गेलो. मागे पडलो नाही, फक्त सगळ्यांच्या नंतर पोचत होतो. व्हर्नने कोवळी पोरं बोलावली आहेत, एकाला अजून धड मिसरूड नाही. तरी शनिवारी माणसं कमीच पडणार, हे मला ठाऊक होतं. व्हर्नला म्हटलं, मी आहे हां. तो बघू म्हणाला.

जेवण झालं. व्हर्नने टीम वाचायला घेतली. त्याला वाचता येत नाही, नावं गिळतो. मी नीट ऐकू यावं म्हणून कोपऱ्यातल्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. कोवळी पोरं आली. स्टम्पी नाही. मग बाकावरची चार नावं. मग व्हर्न कागद घडी करत म्हणाला, आणि नेव्ह, शनिवारी पाणी तू दे.

लोक पांगले. खुर्च्या रचायला लागले. मी उभाच होतो, कारण वाटलं, एखादं नाव राहिलं असेल, व्हर्न परत कागद उघडेल. ग्लेनिस दिवे घालवायला आली तेव्हा माझ्या हाताकडे बघत राहिली. मी खाली बघितलं. सॉसची बाटली होती. कधी उचलली आठवत नाही. ताट तर मघाशीच कुणीतरी उचलून नेलं होतं.

घरी आल्यावर लिओनीला विचारलं, डार्सीला सॉस आवडतो ना गं? ती म्हणाली, शी, लहानपणापासून तोंडाला लावत नाही.