शेगडीवरच्या टिकल्या

कळवा, ४ नोव्हेंबर १९८९
मालनचं मनगट भाजलं. माझ्यामुळे! तिनं मंद आचेवर पापड धरला होता. मला चहाखालची आच वाढवायची होती — फिरवलं भलतंच बटण. जाळ भसकन तिच्या हातावर. वर तीच मला समजावत होती, तिन्ही बटणं सारखी, चूक होणारच.

ते फार लागलं.

५ नोव्हेंबर
कोलशेतच्या कारखान्यातल्या पत्रा दाबायच्या प्रेसच्या पॅनेलचं ड्रॉइंग माझं. सहा काळी गोल बटणं, एका ओळीत, समान अंतरावर. शाळेत कवितेच्या मात्रा बोटांवर मोजायचो, गुरुजी शाबासकी द्यायचे — तशीच ती ओळ साधली होती. किती दिवस तिच्याकडे बघतच राहायचो!

प्रेसवरचा राघो म्हणालेला, "साहेब, दाबायच्या आधी बटनानंच सांगायला पाहिजे, प्रेस वर जाणार का खाली." खडूनं बाणही काढले होते त्यानं. मी पुसायला लावले. म्हटलं, पाठ कर.

एक्याऐंशी साली प्रेस वर जायच्या ऐवजी खाली आली. राघोच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. चौकशीत मी लिहून दिलं — पॅनेल निर्दोष, कामगाराचं दुर्लक्ष. त्याची नोकरीही गेली.

सही मात्र सुरेख आली होती.

८ नोव्हेंबर
मला तीन बटणं पाठ होत नाहीत.

१२ नोव्हेंबर
मालननं प्रत्येक बटणाशी तीन टिकल्या लावल्यात — बर्नर जसे मांडलेत तशाच, दोन पुढे, एक मागे. त्यातली मोठी टिकली जिथे, तोच बर्नर पेटणार. हात लावायच्या आधीच कळतं! चहा केला, न घाबरता.

विचारलं, हे कुणी सुचवलं? म्हणाली, मासेवाल्या शेवंतीच्या नवऱ्यानं. त्यांच्या शेगडीला त्यानं अशाच लावल्यात.

केवढी साधी गोष्ट. माझ्या पॅनेलवर दोन बाण पुरले असते. होतेही.

१४ नोव्हेंबर
कारखान्याला पत्र लिहिलं — चूक पॅनेलची होती, म्हणजे माझी. राघोच्या नावावरचा ठपका काढा. मालनला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माहीत आहे मला. शेवंती राघोचीच बायको. आठ वर्षं तिच्याकडूनच मासे घेते मी. तुम्ही कधी सांगताय, त्याची वाट बघत होते."

मग सूप बाजूला ठेवलं. "चपला घाला. बाराला उठते ती बाजारातून."