डिनर म्हणजे किती वाजता?

मिनेसोटा, ८ एप्रिल १९९६

ती. अर्नेस्टीनमावशीस,
जॅनेलचा सा. न. वि. वि.

कॅलेंडर म्हणतं एप्रिल आहे, पण बर्फाला ते अजून कुणी कळवलेलं नाही. बाकी ठीक.

तू चर्चमध्ये मी प्रोफेसर झाले असं सांगतेस म्हणे! मावशी, मी एम.ए. करतेय आणि विद्यापीठाच्या ‘सर्वांचं केंद्र’ नावाच्या ऑफिसात सहायक आहे. काळी, मूळ अमेरिकन, परदेशातून आलेली जी पोरं इथे एकटी पडतात, त्यांना धरून ठेवणं हे माझं काम. त्याबदल्यात फी माफ.

आता रडगाणं. एल. प्रुइट नावाचे नवे डीन आलेत. साहेबांचं दर्शन अजून नाही, नुसत्या चिठ्ठ्या येतात. ताजी चिठ्ठी अशी, की केंद्रात चिटपाखरू फिरकत नाही, मग सहायक हवा कशाला? एकवीस तारखेला, रविवारी, केंद्राच्या कार्यक्रमाला स्वतः येऊन बघणार आणि मग ठरवणार. जागा गेली की फी गेली, आणि फी गेली की मी अर्धवट एम.ए. घेऊन तुझ्या दारात.

घाबरून मी फारच शूरपणा केलाय. कॅम्पसभर पाट्या लावल्यात: ‘रविवारचं डिनर, अगदी घरच्यासारखं, सगळ्यांनी यावं.’ घरच्यासारखं मला कुठलं येतंय? माझा मक्याचा पाव फेकला तर खिडकी फुटेल. तेव्हा चर्चची व्हॅन काढ आणि ये, तुझ्या पाया पडते.

तुझा लोभ आहेच, या खेपेला तो पातेल्यांसकट यावा.

तुझी,
जॅनेल


क्लार्क्सडेल, मिसिसिपी, १२ एप्रिल

चि. जॅनेल हिस अर्नेस्टीनमावशीचे अ. आ.

प्रोफेसर मी सांगतच राहणार. आज ना उद्या होशीलच, तेव्हा पुन्हा घरोघर फिरायचे कष्ट कुणी घ्यायचे?

व्हॅन ठरली. चर्चच्या कॉयरमध्ये गाणाऱ्या दोघींना घेऊन शुक्रवारी निघते. पैकी व्हेल्माला बटाट्याच्या सॅलडला हात लावू देणार नाही. गेल्या ईस्टरला तिने त्यात बेदाणे घातले. चर्चने तिला माफ केलंय, मी नाही.

पाटीवर वेळ लिहिली नाहीस का, असं तीच विचारत होती. मी म्हटलं, ती काय आगगाडी आहे? प्रार्थना आटोपली की रविवारचं डिनर, हे तान्ह्या पोरालाही कळतं. तुझ्या त्या प्रुइटला मी असं वाढीन, की त्याला खुर्चीवरून उठता येणार नाही, मग नाही कसलं म्हणतोय!

मोजे घालून झोपत जा. पत्राला पत्र देत जा.

तुझी मावशी


मिनेसोटा, २२ एप्रिल

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुमची व्हॅन पोचायच्या आत हे पत्र पोचलं तर नवल नाही, इतक्या घाईने लिहितेय.

काल दुपारी एकला आपण पळ्या घेऊन उभ्या आणि हॉल रिकामा, फक्त ती पिवळ्या हॅटवाली बाई. तू तिच्यासमोर रडायच्या बेतात होतीस आणि मी तुझ्यामागे आधीच रडत होते. मग ऑफिसातली इंग्रिड खुर्च्या मांडायला आली आणि विचारायला लागली, की आत्तापासून कशाला वाढताय, डिनर तर संध्याकाळी सहाला! मावशी, इकडे डिनर म्हणजे रात्रीचं जेवण. दुपारच्याला ही माणसं लंच म्हणतात, रविवारीसुद्धा! उत्तरेतल्यांना पोट कुठल्या वेळी असतं तेच कळत नाही, असं म्हणत तू तीनला व्हॅनमध्ये बसलीस. सोमवारचं काम तुम्हाला चुकत नव्हतं.

पुढचं ऐक. सहाला दार उघडलं आणि धरण फुटल्यासारखी पोरं आत आली. केंद्राचं तोंड कधी न पाहिलेली पोरं! खुर्च्या संपल्या तेव्हा जमिनीवर बसली. ओजिब्वे जमातीचा एक मुलगा तुझी कॉलर्डची पालेभाजी तिसऱ्यांदा घ्यायला आला. मी मात्र कोटातल्या साहेबांना शोधत फिरत होते. शेवटी इंग्रिडला विचारलं, डीन आले का गं? तर ती म्हणाली, केव्हाच्या आल्यात, स्वयंपाकघरात आहेत.

आत पिवळी हॅट खुंटीला होती, आणि ती बाई तुझा एप्रन बांधून भलं मोठं पातेलं घासत होती. लुव्हेनिया प्रुइट! मला म्हणाल्या, की दारात उभी राहू नकोस, चिकन गरम करायला घे.

तुझ्या मायेत तसूभर कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
जॅनेल


क्लार्क्सडेल, २६ एप्रिल

चि. जॅनेल हिस आशीर्वाद, आणि एक धपाटा.

अगं कार्टे! मी त्या बाईच्या हातात भाजी दिली आणि म्हटलं, की नुसती काय बसलीस, निवड. वर तिलाच सांगत सुटले, की इथला डीन खुर्चीला चिकटलेला माणूस आहे, त्याच्या आईने त्याला जेवायलासुद्धा शिकवलेलं नाही. आणि ती हसून हो हो म्हणत होती! तुझं पत्र ऐकून व्हेल्मा तर व्हॅनच्या दारातच हसून खाली बसली.

पण काय सुरेख देठं काढत होती गं. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

साऱ्या जगाचं लिहिलंस आणि जागेचं काय झालं तेवढं गाळलंस. माझा जीव टांगणीला आहे. माझ्या तोंडापायी पोरीचं एम.ए. बुडालं तर मी कॉयरमध्ये कुठल्या तोंडाने गाऊ?

लगेच कळव.

मावशी


मिनेसोटा, ३० एप्रिल

श्रीमती अर्नेस्टीनबाई यांस,
लुव्हेनिया प्रुइटचा स. न. वि. वि.

जॅनेलची जागा पुढच्या वर्षीही आहे. तिला उद्या सांगेन. वाढणारीला आधी कळवावं, म्हणून हे पत्र.

माझ्या आईने मला जेवायला शिकवलं होतं. आमचं घर तुमच्यासारखंच दक्षिणेत, युटॉ, अलाबामा. रविवारी, प्रार्थनेनंतर. उत्तरेतल्या विद्यापीठांत इतकी वर्षं काढली, इथल्यासारखं बोलायला शिकले, डिनर म्हटलं की मुकाट्याने सहाला जायला शिकले. ती पाटी वाचली आणि किती वाजता हा प्रश्नही मनात आला नाही. हॅट घातली आणि निघाले.

त्या दिवशी तुम्ही डोळे पुसत सारखं म्हणत होतात, की इतकं रांधलं आणि कुणीच आलं नाही.

बाई, मी आले होते ना.

आपल्या मायेची,
लुव्हेनिया