नटवर्य पेलिंगर यांचे लोखंडी चिलखत

बरो बाजार, लंडन
नोव्हेंबर १८७६

प्रिय धाकटे बंधू बार्नबी यास थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा आणि तू औषधपाणी करतोस ते घोडे, सगळे चालते-फिरते असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही खुशाल. तुझ्या वहिनीचा, टॅबिथाचा, खोकला गेला. बोलणे मात्र पूर्ववत आहे.

नटवर्य ऑगस्टस पेलिंगर यांना मी गेली काही वर्षे पत्रे लिहितो, हे तुला ठाऊकच आहे. आधी स्तुती, मग सल्ला. (कडू औषधाआधी तू घोड्याला साखर चारतोस ना, तसे.) उत्तर कधी आले नाही. टॅबिथा म्हणते, तुमच्या पत्रांनी तो चिरूट पेटवत असेल. मला आभार नकोत, फुकट पास नको. आपले अक्षर त्या थोर माणसाच्या नजरेखालून एकदा तरी गेले का, एवढेच कळायला हवे होते. या एका विचाराने मी दुकानात खिळ्यांऐवजी बिजागऱ्या तोलू लागलो होतो.

वसंतात मी दोन सूचना केल्या. त्यांच्या नाटकातला राजा रणांगणावर मरतो, वरच्या गॅलरीतले प्रेक्षक टाळ्या पिटतात, की पेलिंगरसाहेब उठून लवून अभिवादन करतात आणि परत आडवे होऊन मरतात. (इस्टरच्या खेळात तीनदा मेले. तिसऱ्यांदा तर आधी घाम पुसून घेतला.) तेव्हा मेल्यावर उठू नये, ही एक. दुसरी चिलखताची. पुठ्ठ्याला चंदेरी रंग फासून राजा लढायला जातो, हे माझ्यासारख्या लोखंडाच्या व्यापाऱ्याला कसे बघवेल? राजाने लोखंडच घालावे, असे मी स्पष्ट कळवले.

शनिवारी आम्ही दोघे गॅलरीत बसलो होतो. राजा पडला आणि असा दणका झाला की खालच्या बाकांवरच्या बायका किंचाळल्या. पुठ्ठा असा वाजत नाही, बार्नबी! मी टॅबिथाचे कोपर धरले, "वाचलं गं त्यांनी!"

"काय वाचलं? पडला तो."

गॅलरीने नेहमीप्रमाणे आरोळ्या ठोकल्या, पण राजा उठेना. म्हणजे न उठण्याचीही सूचना मान्य! माझे डोळे भरून आले. मी उभा राहून आसपासच्या मंडळींना सांगितले की हे भारदस्त मरण मी सुचवलेले आहे. तेवढ्यात राजाचा एक पाय वर आला आणि खाली गेला. मग हात आला, तोही गेला. मग शिरस्त्राणातून एक शब्द आला, जो नाटकात नाही. मागची मासेवाली ओरडली, "अगं बाई, डब्यात अडकलाय मेला! काढा की रे कोणीतरी!"

शेवटी मेलेले चार शिपाई उठले, ज्याने राजाला मारले होते त्याने तलवार ठेवून पाय धरले, आणि उचलताना साहेबांची कंबर अशी कडाडली की गॅलरीतही ऐकू आले. पडदा पडला. टॅबिथाने माझा कोट ओढला, "खाली बसा! आणि आता नाव सांगू नका कोणाला."

सल्ला चुकला असे मी मुळीच म्हणणार नाही. नवे चिलखत आधी घरी चार दिवस वापरून बघावे, हे मी लिहिले नव्हते, कारण ते कोणालाही कळते.

सोमवारी त्यांचा गडी दुकानात चिठ्ठी घेऊन आला. साहेबांच्या हातची, एकच ओळ: "टकवेल, आता उठायचे कसे, तेही कळवा." केवढी ही नम्रता! एवढा मोठा नट, तरी शिकायची हौस फिटलेली नाही.

तुझ्या एलिनॉरला आशीर्वाद, मुलांना पापे, आणि गुडघ्याला फ्लॅनेल बांध.

तुझा अनुभवी भाऊ,
इफ्रेम टकवेल

ता. क. पत्र लिहिण्याचे कारण राहिलेच. ओझ्याच्या घोड्यांच्या कंबरेला तू चोळतोस ते काळे तेल पहिल्या गाडीने पाठव. बाटलीवरचे घोड्याचे चित्र तेवढे खरवडून काढ. किती चोळायचे तेही लिही. रोगी शिंगरापेक्षा मोठा आहे, पण लाथ मारण्याच्या स्थितीत नाही.

आणखी ता. क. टॅबिथाने आत्ता चिठ्ठी वाचली. म्हणते, "अहो, नम्रता कसली? तो भडकलाय तुमच्यावर." मला ते सोमवारीच कळले होते. भडकू दे. वाचल्याशिवाय कोणी भडकत नाही, बार्नबी.